गोळेश्वरचे खाशाबा

शाळेच्या कार्यालयाबाहेरील भिंतीवर परीक्षांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांची नावे रंगवून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या फळ्यावर कुस्तीगिराचे नाव सहसा नसते. खाशाबा दादासाहेब जाधव हे १९४० ते १९४७ या काळात कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी होते. शाळेतून बाहेर पडले तेव्हा त्यांनी वयाची एकविशी गाठली होती, आणि त्यांची ख्याती गुणपत्रिकेसाठी नव्हती. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९५२ च्या जुलैमध्ये, फिनलंडच्या राजधानीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिम्पिकमध्ये मिळवलेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. त्यापूर्वी भारताच्या नावावर वैयक्तिक पदके म्हणून नोंदली जातात ती १९०० सालच्या पॅरिसमधील नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदके, आणि तो काळ परक्या सत्तेचा होता.

या पदकाची कथा अनेकदा सांगितली जाते ती पराक्रमाची म्हणून. पराक्रम होताच. परंतु हे पदक कोणाच्या बळावर हेलसिंकीपर्यंत पोहोचले याचा शोध घेऊ लागले की सरकार आणि क्रीडासंघटना यांच्या आधी एक गाव, एक तालुक्याचे शहर, दोन शिक्षणसंस्था आणि एका प्राचार्यांचे गहाण पडलेले राहते घर समोर येते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. गाव कराडच्या अगदी लगत. कृष्णा आणि कोयना या नद्या कराडला समोरासमोर येऊन मिळतात. त्या संगमाच्या परिसरातील काळ्या जमिनीचा हा मुलूख. दादासाहेब जाधव शेतकरी आणि स्वतः नावाजलेले कुस्तीगीर. त्यांच्या पाच मुलांत खाशाबा धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवले, असे त्यांचे चरित्र सांगते. पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत तेव्हा तालीम ही देवळाइतकीच आवश्यक वास्तू होती. पहाटे जोर-बैठका, मग तांबड्या मातीतील लढत, अंग पुसून शेतावर किंवा शाळेत, आणि जत्रेच्या दिवशी गावच्या मैदानात नारळापासून चांदीच्या कड्यापर्यंत जे काही बक्षीस असेल त्यासाठी झुंज, असा तो क्रम. घरात आणि गावात कुस्ती आधीपासूनच होती. शाळेने तिला वेळापत्रक आणि व्यापक जग दिले.

टिळक हायस्कूल हे नावाप्रमाणेच राष्ट्रीय वृत्तीचे विद्यालय. खाशाबा तेथे दाखल होण्यापूर्वी आठ वर्षे, २६ जानेवारी १९३२ रोजी, याच शाळेच्या आवारात तिरंगा फडकवल्याबद्दल यशवंतराव चव्हाण नावाच्या विद्यार्थ्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झालेले हे यशवंतराव आणि ऑलिम्पिकवीर खाशाबा एकाच शाळेचे, ही गोष्ट कराडकर आजही सांगतात आणि तसे सांगण्याचा त्यांना अधिकार आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या त्या काळातील हायस्कुलांत आसपासच्या खेड्यांतून मुले पायी येत. त्यांच्यातील पुष्कळांच्या घरी पाटीपेक्षा नांगराशी अधिक ओळख असे. अशा मुलांना वर्गातील इंग्रजी आणि भूमिती परकी वाटे. मैदान मात्र आपले वाटे. शाळेच्या मैदानावर खाशाबा केवळ कुस्तीत गुंतून पडले नाहीत. धावणे, पोहणे, वजन उचलणे, मलखांब यांतही त्यांनी प्रावीण्य मिळवले. या अष्टपैलूपणाचा उपयोग त्यांना पुढे झाला असला पाहिजे. ऐन ताकदीच्या मल्लांसमोर त्यांचे वजन नेहमीच कमी पडे. लवचीकपणा, चपळाई आणि दम यांवरच त्यांची कुस्ती उभी होती.

ते शाळेत असतानाच १९४२ चे आंदोलन पेटले. सातारा जिल्ह्यात त्याचे रूप इतर ठिकाणांहून वेगळे होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे प्रतिसरकार उभे राहिले आणि भूमिगत कार्यकर्त्यांना गावोगाव आसरा मिळू लागला. खाशाबांनीही भूमिगतांना लपण्यास जागा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे अशी कामे केली. आखाड्यात रमणारा तरुण म्हणजे देशकार्याविषयी उदासीन, ही समजूत निदान सातारा जिल्ह्याच्या बाबतीत खरी नाही.

हायस्कूलनंतर खाशाबा कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात गेले. कुस्तीगिराने कोल्हापूरला जाणे म्हणजे वारकऱ्याने पंढरीला जाणे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पेठापेठांतील तालमींना बळ दिले आणि रोममधील प्राचीन प्रेक्षागृह पाहून आल्यावर खासबाग मैदान उभारले. १९१२ मध्ये ते खुले झाले. मध्ये खोलगट हौदा आणि भोवती उतरंडीने चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे. हजारो प्रेक्षकांतील शेवटच्या माणसालाही पाठ लागली की नाही हे दिसावे, हा त्यातील हेतू. या नगरीत बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन खाशाबांना लाभले. प्रतिस्पर्ध्याचे मस्तक व खांदा बगलेत पकडून त्याला आपल्या अंगावरून फेकण्याचा ढाक हा डाव त्यांच्या खास हातचा समजला जाई.

महाविद्यालयातील त्यांचा प्रवेश मात्र गाजावाजाने झाला नाही. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव नोंदवायला गेले तेव्हा त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना परत पाठवले. उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर, वजन बेताचे. शिक्षकांना काळजी वाटली असेल तर ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि त्या स्पर्धेत या किरकोळ विद्यार्थ्याने आपल्याहून थोराड व अनुभवी मल्लांना एकामागून एक आस्मान दाखवले. प्राचार्यांनी त्यांना मैदानात उतरवण्याची ही पहिली वेळ. दुसरी वेळ चार वर्षांनी आली आणि ती फार महाग होती.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली. खर्चाची तरतूद कोल्हापूरच्या महाराजांनी केली. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाकडून त्यांना थोडेफार शिकता आले. तेथे त्यांच्यासमोर खरी अडचण उभी राहिली ती पायांखालच्या गादीची.

मातीची कुस्ती आणि गादीची कुस्ती यांतला फरक ज्याने आखाडा पाहिला नाही त्याला सहज कळत नाही. आखाड्याची तांबडी माती चाळून तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस घालून ती मऊ केलेली असते. तीत पाय किंचित रुततो, पकड घेण्यास क्षणाची उसंत मिळते, घामावर माती चोळता येते. लढतीला बहुधा घड्याळ नसते. अर्धा तास, तास, कधी त्याहूनही अधिक वेळ मल्ल एकमेकांना जोखत राहतात आणि निकाल एकच असतो : पाठ लागली की चितपट. गादीवर हे सारे बदलते. पाऊल निसटते, हालचाल वेगाने करावी लागते, मिनिटे मोजली जातात, आणि पाठ न लागताही पंच हात उंचावून एकाला विजयी ठरवतात. जन्मभर मातीत घडलेल्या मल्लाने ऐन जागतिक स्पर्धेत या पद्धतीशी जुळवून घेणे म्हणजे नदीत पोहणाऱ्याने एकाएकी समुद्रात उडी घेण्यासारखे. तरीही खाशाबांनी ५२ किलो गटात सहावे स्थान मिळवले. तेवीस वर्षे पुरी न झालेल्या, गादीशी नुकतीच ओळख झालेल्या तरुणाचे ते यश होते. पण सहाव्या क्रमांकाला पदक नसते. परत आल्यावर त्यांनी पुढील चार वर्षांची तयारी सुरू केली.

या चार वर्षांत खाशाबांच्या भोवतालचे जगही बदलून गेले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राष्ट्राच्या दृष्टीने ती इष्ट घटना होती, यात शंका नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या संस्थानिकांच्या आश्रयावर पोसली गेलेली कुस्ती त्यामुळे एकाएकी पोरकी झाली. मल्लांचा खुराक, तालमींची दुरुस्ती, मैदानांची बक्षिसे यांमागचा जुना हात निघाला आणि नव्या लोकशाही राज्यात त्या जागी दुसरा हात अजून आला नव्हता. १९४८ मध्ये खाशाबांना ज्यांच्याकडे जाता आले, ते दार १९५२ मध्ये पूर्वीसारखे उघडे नव्हते. पुढे जे घडले त्याचे बरेचसे कारण या संधिकालात आहे. केवळ कोणा एका अधिकाऱ्याच्या अनास्थेवर बोट ठेवून भागत नाही.

त्या काळी भारताचे ऑलिम्पिक म्हणजे हॉकी असे समीकरण होते, आणि हॉकी म्हणजे झाशीचे ध्यानचंद. खाशाबांशी त्यांची तुलना उद्बोधक आहे. ध्यानचंदांचे वडील लष्करात होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शालेय शिक्षण सहाव्या इयत्तेच्या आसपासच थांबले आणि कुटुंब अखेर झाशीत स्थिरावले. झाशीतील कोणत्याही शाळेला आपण ध्यानचंदांना खेळाडू म्हणून घडवले असे सांगता येणार नाही. १९२२ मध्ये ते फौजेत शिपाई म्हणून भरती झाले आणि हॉकी खऱ्या अर्थाने शिकले ते तेथे. मैदान, काठी, सराव, सामन्यांसाठी रजा हे सारे पलटणीने पुरवले. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णपदके जिंकलेल्या संघांत ते खेळले. आपल्या गावाला ते विसरले नाहीत. १९३३ मध्ये झाशी हीरोज या संघाकडून खेळून त्यांनी कलकत्त्याचा मानाचा बेटन चषक झाशीला आणला. शाळेने जे दिले नाही ते त्यांना पलटणीने दिले. खाशाबांच्या मागे पलटण नव्हती, रेल्वे नव्हती, संस्थानही उरले नव्हते. हॉकी हा अकरा जणांचा खेळ. त्यांच्यासाठी देश वर्गणी काढत असे. एकट्या मल्लाने पदक आणण्याची कल्पनाच तोवर कोणाच्या मनात रुजलेली नव्हती.

हेलसिंकीसाठीची निवडही सरळपणे झाली नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबा अवघ्या एका गुणाने मागे पडले. गुणदानात आपल्यावर अन्याय झाला अशी त्यांची ठाम भावना होती. पुष्कळ मल्ल अशा वेळी पंचांना दूषणे देत घरी परततात. खाशाबांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवेंद्रसिंह हे तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि क्रीडेचे खरे जाणकार होते. त्यांनी पुन्हा लढत घेण्याची व्यवस्था केली, आणि या वेळी खाशाबांनी गुणांचा प्रश्नच शिल्लक ठेवला नाही. प्रतिस्पर्ध्याला चितपट करून ते हेलसिंकीला पात्र ठरले.

पात्र ठरले, पण जायचे कसे? प्रवासाचा, राहण्याचा खर्च खेळाडूनेच उभा करायचा होता. मुंबई राज्य सरकारकडे चार हजार रुपयांसाठी विनंती करण्यात आली; वारंवार करण्यात आली. स्पर्धा उरकल्यावर पाहू, अशा आशयाचे उत्तर मिळाले. स्पर्धेला जाण्यासाठी मागितलेले पैसे स्पर्धेनंतर कोणत्या उपयोगाचे, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नसावा. मग गोळेश्वर आणि कराड हलले. घरच्या माणसांनी दारोदार जाऊन मदत मागितली. कराडच्या दुकानदारांनी, गावच्या शेतकऱ्यांनी जमेल तशी भर घातली. ही रक्कम कोणा धनिकाच्या देणगीतून आलेली नव्हती. ज्यांच्या घरी जुलै महिन्यात पेरणीचीच ओढाताण असते अशांच्या कनवटीतून आलेली होती. आणि तरीही ती अपुरी होती.

या वेळी प्राचार्य खर्डेकरांनी कोल्हापुरातील आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. १९५२ मधील सात हजार रुपये म्हणजे नोकरदार माणसाची अनेक वर्षांची पुंजी. खाशाबा पदक आणतीलच याची कोणतीही हमी नव्हती. लंडनला ते सहावे आले होते. हेलसिंकीला दहावे आले असते तरी घर गहाणच राहिले असते. प्राचार्य श्रीमंत जमीनदार नव्हते, शिक्षणक्षेत्रात आयुष्य काढलेले गृहस्थ होते. एका मुलाला चार वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या मैदानावर उतरू दिले होते, त्या निर्णयाची जबाबदारी जणू त्यांनी शेवटपर्यंत आपलीच मानली. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात शिक्षकांच्या त्यागाच्या कथा थोड्या नाहीत. परंतु खेळण्यासाठी, परीक्षेसाठी नव्हे, विद्यार्थ्याला परदेशी पाठवायला घर गहाण टाकल्याचे उदाहरण विरळाच.

हेलसिंकीत खाशाबा वरच्या वजनगटात, ५७ किलोंच्या बँटमवेट गटात उतरले. मेसुहाल्ली या प्रदर्शनगृहात फ्रीस्टाइल कुस्त्या झाल्या. उत्तर ध्रुवाजवळच्या त्या देशात जुलैत रात्र नावापुरतीच असते. अन्न वेगळे, हवा वेगळी, भाषा अपरिचित. सोबतीला कोल्हापूरकडचेच केशव माणगावे होते, ही त्यातल्या त्यात आपुलकीची गोष्ट. त्या वेळी स्पर्धेत दंडगुणांची पद्धत होती. चितपट करून जिंकणाऱ्याच्या खात्यावर काहीच चढत नसे. पंचांच्या निर्णयाने जिंकणाऱ्यालाही एक दंडगुण लागे, हरणाऱ्याला त्याहून अधिक. आणि ठरावीक दंडगुण साठले की मल्ल बाद होई. म्हणजे नुसते जिंकून पुरत नसे, पाठ लावून जिंकावे लागे. मातीत वाढलेल्या मल्लाला हे गणित आपल्या स्वभावाचे वाटले असावे. कॅनडाचे पोलिक्विन आणि मेक्सिकोचे बासुर्तो यांना खाशाबांनी चितपट केले. जर्मनीचे श्मिट्झ यांच्याशी झालेली लढत अटीतटीची झाली आणि पंचांचा कौल दोनास एक असा खाशाबांच्या बाजूने लागला.

पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव यांच्याशी गाठ पडली आणि दोन्ही लढती हातून गेल्या. या पराभवांविषयी महाराष्ट्रातील कुस्तीशौकिनांच्या मनात एक सल कायम राहिली आहे. इशी यांच्याशी दीर्घ झुंज झाल्यावर नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. ती न मिळता थकल्या अंगाने खाशाबांना पुन्हा गादीवर उतरावे लागले, आणि त्यांच्या वतीने आक्षेप घेण्यास भारताचा एकही अधिकारी त्या क्षणी हजर नव्हता, अशी ती हकिकत. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता काय, याचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही. इशी यांनी सुवर्णपदक घेतले. महायुद्धात होरपळून निघालेल्या जपानचे ते युद्धोत्तर काळातील पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. मम्मदबेयोव यांनी रौप्य घेतले. सोव्हिएत संघ तर त्या वर्षी प्रथमच ऑलिम्पिकमध्ये उतरला होता. त्या दोघांच्या पाठीशी प्रशिक्षक, वैद्य, अधिकारी यांची फळी होती. तिसऱ्या पायरीवर उभ्या राहिलेल्या मल्लाच्या पाठीशी कराडचे दुकानदार आणि कोल्हापूरचे एक गहाणखत होते. तारीख होती २३ जुलै १९५२. माणगावे यांनी आपल्या फेदरवेट गटात चौथे स्थान मिळवले. पश्चिम महाराष्ट्राच्या दोन मल्लांनी एकाच स्पर्धेत तिसरा आणि चौथा क्रमांक पटकावला, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या लक्षात नसते.

त्याच ऑलिम्पिकमध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक राखले. देशाच्या नजरेत त्या तेजापुढे एकट्याचे कांस्य झाकले गेले. कराडकरांच्या नजरेत मात्र तसे झाले नाही. खाशाबा परतले तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाऊण घटकेत कापता येणारे अंतर कापण्यास त्या मिरवणुकीला सात तास लागले. ढोल, लेझीम, गुलाल, आणि गाडीगाडीत बसलेले ते वर्गणीदार. त्या दिवशी कराड-गोळेश्वरच्या रस्त्यावरील प्रत्येकाला त्या पदकात आपला थोडासा वाटा आहे असे वाटत होते, आणि ते हिशेबाच्या दृष्टीनेही खरे होते.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी जे केले ते पदकाइतकेच मोलाचे आहे. सत्कारांत दिवस न घालवता त्यांनी पुन्हा लंगोट कसला. कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढले, आणि मिळालेल्या बक्षिसांच्या रकमेतून प्राचार्यांचे सात हजार रुपये फेडून त्यांचे घर मोकळे केले. प्राचार्यांनी पैसे दिले होते ते परत मिळतील या अपेक्षेने नव्हे. पण आखाड्याचा मनुष्य कर्ज ठेवत नाही.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढील वर्षीच्या मेलबर्न ऑलिम्पिकचा विचार गुडघ्याच्या दुखापतीमुळे सोडावा लागला. पोलीस दलाच्या अंतर्गत स्पर्धा त्यांनी गाजवल्या आणि दलातील खेळाडूंना घडवण्याचे कामही केले. सत्तावीस वर्षांची नोकरी करून ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. या काळाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे आणि तीच खंत आहे. ऑलिम्पिकचे पदक मिळवलेला, मातीतून गादीवर कसे यावे हे स्वतःच्या अंगावर शिकलेला मल्ल देशात एकच होता. त्याच्या अनुभवाचा वापर करून एखादी राष्ट्रीय प्रशिक्षण परंपरा उभी राहू शकली असती. तसे झाले नाही. क्रीडासंघटनांना त्यांची फारशी आठवण राहिली नाही. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा ज्योत वाहणाऱ्यांत त्यांचा समावेश करण्यात आला, हा सन्मान हयातीत वाट्याला आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न.

मृत्यूनंतर पुरस्कार आले. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार आला. केंद्राचा अर्जुन पुरस्कार नव्या शतकाच्या आरंभी आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीतील कुस्तीगृहाला त्यांचे नाव दिले गेले. पद्म पुरस्कार हयातीत मिळाला नाही. ध्यानचंदांना १९५६ मध्ये पद्मभूषण लाभले होते. त्यांचेही उतारवय सुखाचे नव्हते. १९७९ च्या डिसेंबरमध्ये ते दिल्लीच्या रुग्णालयात वारले आणि झाशीकरांनी त्यांना ज्या मैदानावर ते खेळले त्या हीरोज मैदानावरच निरोप दिला. त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, आता राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्राने राज्य क्रीडा दिन म्हणून पाळावयास सुरुवात केली ती २०२४ पासून, म्हणजे हेलसिंकीनंतर बहात्तर वर्षांनी.

भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास १९९६ उजाडावे लागले. टेनिसपटू लिअँडर पेस यांनी ते अटलांटात मिळवले. कुस्तीत तर खाशाबांनंतर ५६ वर्षे कोणी तेथवर पोहोचले नाही; २००८ मध्ये बीजिंगला सुशील कुमार यांनी कांस्य मिळवले. तोवर गादी खेड्यापाड्यांतील तालमींत पोहोचली होती आणि मल्लांच्या प्रवासखर्चाची जबाबदारी शासनाने पत्करलेली होती. गोळेश्वरात जाधवांचे घर आजही आहे. त्याचे नाव ऑलिम्पिक निवास.